हालचालीचा डोस कोण लिहून देणार?

वर्षानुवर्षे चाकाच्या खुर्चीत बसलेला एक माणूस वॉकर धरून उभा राहतो, पाय उचलतो, पुढे टाकतो. असा व्हिडिओ बहुतेकांनी मोबाइलवर कधी ना कधी पाहिला असेल. खाली ओळ असते, पाठीत बसवलेल्या यंत्राने चमत्कार घडवला. व्हिडिओ खरा असतो, ओळ मात्र अर्धीच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या संशोधकांनी अशा चार रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. चौघांच्याही मज्जारज्जूला इजा झालेली होती आणि पायांची ऐच्छिक हालचाल गेलेली होती. मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवल्यानंतर चौघेही उभे राहू शकले, आणि दोघे जमिनीवर चालले. त्यांतल्या एकाला तिथवर पोचायला ८५ आठवड्यांत २७८ सेशन लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. सरावादरम्यान एकाचे खुब्याचे हाड मोडले. हे आकडे त्याच शोधनिबंधात आहेत, पण व्हिडिओखालच्या ओळीत ते कधी येत नाहीत.

अशा एका सेशनला काय लागते ते पाहा. माणसाला पट्ट्यांनी वरून आधार देऊन ट्रेडमिलवर उभे करायचे. एकाने मागून कंबर सांभाळायची, दोघांनी दोन्ही बाजूंना बसून गुडघा आणि घोटा धरून पाऊल योग्य क्षणी टाकायला मदत करायची. तास-दीड तास हे चालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ही प्रशिक्षित माणसांची मजुरी आहे आणि ती कंटाळवाणी आहे. तिच्यावर कोणी माहितीपट काढत नाही.

माझे म्हणणे असे की मज्जारज्जूवरचे गेल्या शतकभराचे संशोधन सर्वांत ठामपणे या मजुरीच्या बाजूने बोलते, आणि आरोग्यव्यवस्था नेमकी तिलाच उपचार मानायला तयार नाहीत. औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहिला जातो, शस्त्रक्रियेची मिनिटामिनिटाची नोंद राहते. हालचालीच्या सरावाबद्दल मात्र केसपेपरवर ‘फिजिओथेरपी चालू’ एवढे दोन शब्द असतात. काय चालू, किती चालू, कशासाठी चालू, याचा पत्ता नाही.

मुळापासून पाहू. मज्जारज्जूच्या करड्या भागात, पोटाकडच्या बाजूला, मोटर न्यूरॉन असतात. त्यांना प्रेरक चेतापेशी असेही म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून आलेला हुकूम असो, तोल सावरण्यासाठी मेंदूच्या बुडातून सुटलेला संदेश असो की टाचणी टोचल्यावर उठलेली प्रतिक्षिप्त क्रिया असो, सगळ्यांना शेवटी याच पेशींमार्फत स्नायूपर्यंत जावे लागते. दुसरी वाट नाही. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्येच याला अंतिम सामाईक मार्ग म्हटले होते. एक मोटर न्यूरॉन आणि त्याच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून एक एकक होते. डोळा वळवणाऱ्या स्नायूत एका एककात मोजकेच तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून जास्त.

ही एकके कोणत्या क्रमाने कामाला लागतात तेही ठरलेले आहे. एल्वुड हेनेमन यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले की आधी लहान मोटर न्यूरॉन जागे होतात आणि जोर वाढेल तसे मोठे. नियम साधा आहे, पण त्याचा उपचाराशी असलेला संबंध फारसा बोलला जात नाही. रुग्णाचा पाय दुसऱ्याने हळुवार वर-खाली करून दिला तर सांधा आखडत नाही, आणि ते आवश्यकच आहे. पण मोठ्या न्यूरॉनना त्या हालचालीची खबरही लागत नाही. त्यांना जागे करायचे तर रुग्णाने स्वतः जोर लावावा लागतो आणि भार हळूहळू वाढवावा लागतो. कित्येक ठिकाणी महिनोन्‌महिने पहिलाच प्रकार चालतो, कारण तो कमी माणसांत उरकतो.

इथे एक भेद करायला हवा, कारण तो न केल्याने खूप खोटी आश्वासने विकली जातात. पोलिओ, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, ए.एल.एस. या आजारांत खुद्द मोटर न्यूरॉन मरतात. मेलेली पेशी सरावाने परत येत नाही. मज्जारज्जूची इजा आणि पक्षाघात (स्ट्रोक) यांत मात्र इजेच्या खालचे बहुतेक मोटर न्यूरॉन जिवंत असतात. तुटलेला असतो तो त्यांच्यापर्यंत येणारा वरचा संपर्क. पुढे जे लिहितो आहे ते प्रामुख्याने या दुसऱ्या गटाबद्दल आहे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि स्नायू यांना जोडणारी तारांची जुडी, ही समजूत आजही शाळेच्या आकृत्यांतून शिकवली जाते. ती १९११ मध्येच मोडीत निघायला हवी होती. त्या वर्षी थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी दाखवले की मज्जारज्जू कापून मेंदूपासून अलग केला आणि पायांकडून येणारी संवेदनाही तोडली, तरी मांजराच्या मागच्या पायांत पावले टाकण्याची लय उमटते. लय मज्जारज्जूतच आहे. पुढे १९८७ मध्ये बार्बो आणि रॉसिन्योल यांनी मज्जारज्जू पूर्ण कापलेल्या प्रौढ मांजरांना ट्रेडमिलवर काही आठवडे सराव दिला. मागच्या पायांनी त्या अंगाचा भार पेलत चालू लागल्या, तेही मेंदूचा एकही हुकूम खाली येत नसताना.

खरी गंमत त्यानंतरची आहे. कॅलिफोर्नियात रेगी एजर्टन यांच्या प्रयोगशाळेने अशाच मांजरांचे गट केले. काहींना फक्त उभे राहण्याचा सराव दिला, काहींना फक्त चालण्याचा. चालण्याचा सराव मिळालेल्या चालल्या. उभे राहण्याचा सराव मिळालेल्या उत्तम उभ्या राहिल्या, पण त्यांना चालणे जमेना. मग त्यांना स्ट्रिकनिन अगदी थोड्या मात्रेत दिले. हे कुचल्याच्या बियांतले विष. मज्जारज्जूतला एक प्रकारचा प्रतिबंध ते तात्पुरता उठवते. ते देताच उभे राहायला शिकलेल्या मांजरांची चाल सुधारली. म्हणजे चालण्याची क्षमता नष्ट झालेली नव्हती, चुकीच्या सरावाने ती दाबली गेली होती. हा निष्कर्ष मला तरी अस्वस्थ करणारा वाटतो. मज्जारज्जू जे दिले ते शिकतो. काही दिले नाही तर काही न करणे शिकतो. महिनोन्‌महिने फक्त उभे करून ठेवलेला रुग्णही काहीतरी शिकतच असतो.

माणसातही याचे पुरावे आहेत. जोनाथन वोलपॉ यांनी वानर आणि उंदरांवर काही दशके काम करून दाखवले की मज्जारज्जूतली अगदी साधी प्रतिक्षिप्त क्रियाही बक्षिसाच्या आधारे वाढवता किंवा घटवता येते, आणि हा बदल मज्जारज्जूतच मुरतो. २०१३ मध्ये त्यांनी आणि आयको थॉम्पसन यांनी अर्धवट इजा झालेल्या लोकांना पोटरीतली एक अतितीव्र प्रतिक्षिप्त क्रिया स्वतःहून कमी करायला शिकवले. तीस सेशन लागली. ज्यांना ते साधले त्यांचा चालण्याचा वेग वाढला आणि डाव्या-उजव्या पावलांतला फरक कमी झाला.

आता उलट बाजू. उपचार न देणे म्हणजे स्थिती आहे तशी ठेवणे, असे नियोजनाच्या कागदावर गृहीत धरलेले असते. तसे होत नाही. वरून येणारे सेरोटोनिन, म्हणजे पेशींना उत्तेजित ठेवणारे रसायन, थांबल्यावर मोटर न्यूरॉन सुरुवातीला मुके होतात, आणि काही आठवड्यांत भलत्याच दिशेने जुळवून घेतात. २०१० मध्ये डेव्हिड बेनेट यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की पेशीवरचे काही सेरोटोनिन ग्राहक (ते रसायन टिपणारे रेणू) मग सेरोटोनिनशिवायच चालू राहायला लागतात. पेशी जरा हात लागला तरी पेटते आणि विझत नाही. आपण ज्याला पाय आखडणे, झटके येणे म्हणतो त्या स्पॅस्टिसिटीचे एक मूळ इथे आहे. स्वित्झर्लंडमध्ये फोल्कर डिट्झ यांनी संपूर्ण इजा झालेल्या लोकांमध्ये पाहिले की वर्षभराच्या पुढे, आधार देऊन चालवतानाच त्यांच्या पायांच्या स्नायूंतले विद्युत संदेश लवकर मंदावू लागतात. स्नायू सुकतो, हाड ठिसूळ होते, आणि पुढे कधी चांगली संधी आली तर तेच हाड सरावात मोडते. प्रतीक्षा यादीतले सहा महिने रुग्णाच्या मज्जारज्जूने फुकट घालवलेले नसतात. त्या काळात त्याची रचना बदलत असते, आणि नंतरच्या उपचाराला ती आधी उलटवावी लागते.

यंत्राचा मी विरोधक नाही. २०११ मध्ये लुईव्हिलच्याच गटाने ज्या पहिल्या रुग्णाचे वर्णन केले, त्याने शस्त्रक्रियेआधी २६ महिन्यांत १७० सेशन केली होती आणि त्यातून काही हाती लागले नव्हते. इलेक्ट्रोड बसवल्यावर तो सर्व भार पेलून उभा राहिला, आणि सात महिन्यांनी उत्तेजन चालू असताना पाय हवे तसे हलवू लागला. सराव एकटा पुरला नव्हता, हे मान्यच करायला हवे. पण इलेक्ट्रोड नेमके करतो काय? तो पायाला चालवत नाही. पायांकडून मज्जारज्जूत शिरणारे संवेदी तंतू तो चेतवतो आणि त्यांच्यामार्फत मोटर न्यूरॉनना पेटण्याच्या उंबरठ्यापाशी आणून ठेवतो. वरून उरलासुरला जो क्षीण संदेश येत असेल, पायातून जी संवेदना येत असेल, ती मग पुरी पडते. उंबरठा ओलांडायचा सराव करावाच लागतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने २०२२ मध्ये नऊ रुग्णांचा अभ्यास दिला. नऊही जण उत्तेजन आणि सराव यांच्या जोडीने चालण्यात सुधारले. पुढे उंदरांमध्ये त्यांनी पेशींचा असा एक विशिष्ट प्रकार शोधला, जो निरोगी चालण्याला लागत नाही पण इजेनंतरची चाल परत मिळायला अनिवार्य असतो. विजेने त्या पेशींना वाव दिला, सरावाने त्यांना निवडले. यंत्र आणि सराव यांत श्रेय वाटून घेण्याचा प्रश्न इथेच संपायला हवा होता.

प्रत्यक्षात किती सराव मिळतो? २००९ मध्ये कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात पुनर्वसन केंद्रांत बसून पक्षाघाताच्या रुग्णांची ३१२ सेशन मोजली. हाताच्या उपयोगी हालचालींचा सराव ज्या सेशनमध्ये झाला, त्यांत अशा हालचालींची सरासरी संख्या होती ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची फेरजुळणी दिसते, त्यांत एका बैठकीला शेकडो आवर्तने असतात, चारशे ते सहाशेपर्यंत. श्रीमंत देशांतल्या चांगल्या केंद्रांची ही गत असेल, तर जिथे फिजिओथेरपिस्टच नाही तिथे बत्तीसचाही हिशेब करायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या २४० कोटी लोकांना पुनर्वसनाचा फायदा होऊ शकेल अशी काही ना काही स्थिती आहे, आणि काही अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गरज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ते मिळत नाही. आरोग्यव्यवस्थांमध्ये पुनर्वसन बळकट करण्याचा ठराव जागतिक आरोग्य सभेने पहिल्यांदा केला तो २०२३ च्या मे महिन्यात. पहिल्यांदा, हा शब्द पुन्हा वाचावा.

इतके वाचून कोणी म्हणेल, म्हणजे भरपूर सराव द्या, प्रश्न मिटला. तसे असते तर हा लेख निम्म्यात संपला असता. लँग यांनीच पुढे २०१६ मध्ये चाचणी घेतली. जुन्या पक्षाघाताच्या ८५ जणांना ३२०० पासून ९६०० पर्यंत आणि त्याहीपुढे झेपेल तितकी, अशी वेगवेगळी आवर्तने दिली. जास्त आवर्तनांनी जास्त सुधारणा असा सरळ संबंध सापडला नाही. त्याआधी २०१५ मध्ये ॲव्हर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत, २१०४ रुग्णांत, पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत भरपूर उठवणे-चालवणे सुरू केले, तर नेहमीच्या काळजीपेक्षा निकाल वाईट आला. त्याच आकडेवारीच्या पुढच्या विश्लेषणात, थोडा थोडा वेळ पण वारंवार उठवणे उपयोगी दिसले. २०२१ मध्ये ड्रॉमरिक यांच्या गटाने ७२ रुग्णांत केवळ वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिला. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास दिलेला सर्वांत उपयोगी पडला, सहा महिन्यांनंतर दिलेल्याचा प्रभाव दिसला नाही. पोलिओतून सावरलेल्यांची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. वाचलेल्या मोटर न्यूरॉननी शेजारच्या पोरक्या तंतूंकडे फुटवे पाठवून त्यांना सांभाळले, आणि तो अतिरिक्त भार वाहून कित्येकांत ते काही दशकांनी थकले. जास्त म्हणजे चांगले, हा नियम शरीराला मान्य नाही.

पण यातून फिजिओथेरपीला पैसा देऊ नये असे निघत नाही, निघते ते उलटच. ज्या गोष्टीला कमी पडण्याची आणि जास्त होण्याची मर्यादा असते, जी अमुक वेळी लागू पडते आणि तमुक वेळी नाही, जिच्या चुकीच्या वापराने नुकसान होते, तिला वैद्यकात औषध म्हणतात. औषधाची मात्रा, वेळ आणि कारण लिहावे लागते. ‘रोज थोडा व्यायाम करा’ असे सांगून पाठवणे हे कोणत्याही गंभीर औषधाबाबत चालवून घेतले नसते.

महागड्या उपकरणांच्या मोहावर उतारा म्हणून एक चाचणी कायम समोर ठेवावी. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ पक्षाघातग्रस्तांवर लीप्स नावाची चाचणी झाली. एका बाजूला वजनाला आधार देणारी ट्रेडमिल आणि तिच्याभोवतीची टीम, दुसऱ्या बाजूला घरी येऊन तोल आणि ताकद यांचा पद्धतशीर व्यायाम घेणारा फिजिओथेरपिस्ट. वर्षअखेर दोन्हींत फरक नव्हता. सगळे मिळून ५२ टक्के लोकांची चालण्याची क्षमता वरच्या पायरीवर गेली. सामान्य पण नेमाने, टप्प्याटप्प्याने वाढवत दिलेला सराव यंत्राच्या तोडीस तोड ठरला. या निकालाच्या बातम्या ‘ट्रेडमिल निष्फळ’ अशा छापल्या गेल्या. त्या ‘घरी येणारा फिजिओथेरपिस्ट यशस्वी’ अशाही छापता आल्या असत्या.

आणखी एक गोष्ट टोचते. चालणे हेच यशाचे माप कोणी ठरवले? २००४ मध्ये किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ जणांना विचारले की कोणती क्षमता परत मिळाली तर आयुष्यात सर्वांत फरक पडेल. त्या स्वतः मज्जारज्जूची इजा घेऊन जगणाऱ्या शास्त्रज्ञ आहेत. हात-पाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात आणि बोटे म्हटले. फक्त पाय गेलेल्यांत लैंगिक क्षमता पहिल्या क्रमांकावर आली. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांत वर होता. चालणे पहिल्या क्रमांकावर नव्हते. तरीही निधी मागणाऱ्या अर्जांत, समारंभात, पडद्यावर माणूस चालतानाच दाखवला जातो, कारण कॅमेऱ्याला तेच दिसते. मूत्राशयावर परत आलेला ताबा दाखवायला कोणता कॅमेरा लावणार? स्वतः कॅथेटर घालण्याइतकी बोटांची पकड आली तर तो माणूस दिवसातून कितीतरी वेळा दुसऱ्याची वाट पाहण्यातून सुटतो. सराव कशाचा, हे सरावाच्या प्रमाणाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते रुग्णाला न विचारता ठरते. मांजरांना विचारता येत नव्हते, ती अडचण इथे नाही.

खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. माणसांचा वेळ महाग असतो. यंत्र एकदा घेतले की झाले, असे खरेदी करणाऱ्याला वाटते. पण माणसांशिवाय यंत्र चालत नाही, हे वरच्या यंत्रांच्या अभ्यासांतून दिसते. विमा कंपन्या आणि सरकारी योजना आणखी एक युक्तिवाद करतात. रुग्णाची प्रगती थांबली, सबब उपचार बंद. प्रगती थांबली हे ठरवताना त्याला आठवड्याला किती आणि कसला सराव मिळत होता याची नोंदच नसते. अपुऱ्या मात्रेत दिलेल्या प्रतिजैविकाने ताप उतरला नाही, म्हणून रोग बरा होणारा नाही असा निष्कर्ष कोणता डॉक्टर काढेल? आधी मात्रा तपासली जाते. पुनर्वसनातही प्रगती थांबल्याचा शेरा मारण्याआधी मागच्या सहा आठवड्यांची नोंद समोर हवी: कोणत्या हालचाली, किती आवर्तने, किती भार, रुग्णाने स्वतः लावलेला जोर किती. नोंद नसेल तर शेराही मारता येऊ नये.

खोट्या आशेचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. हताश कुटुंबे स्टेम सेलच्या अप्रमाणित इंजेक्शनांसाठी जमिनी विकतात, आणि मज्जारज्जू शिकतो हे वाक्य उद्या त्याच जाहिरातींत वापरले जाईल. पण खोटी आशा तिथे फोफावते जिथे खरे काही मिळत नाही. ज्याला ठरावीक मुदतीत ठरावीक सराव मिळाला, काय सुधारले आणि काय नाही हे मोजून दाखवले गेले, त्याला भोंदू गाठणे कठीण जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हातांसाठीच्या एका उत्तेजन-यंत्राला परवानगी दिली. मानेवर त्वचेवरून वीज देणाऱ्या या यंत्राला शस्त्रक्रिया लागत नाही. त्यामागच्या चाचणीत ६० जणांनी आधी दोन महिने नुसते पुनर्वसन केले, मग दोन महिने पुनर्वसन आणि उत्तेजन. दुसऱ्या टप्प्यानंतर ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि उपयोग दोन्ही ठरवलेल्या मापाने वाढले. खोट्या उत्तेजनाशी तुलना झालेली नाही, ही उणीव आहेच. अशी यंत्रे आता ठिकठिकाणच्या खरेदी समित्यांपुढे येतील. प्रस्तावात यंत्राच्या किमतीखाली चाचणीतल्या त्या चार महिन्यांचे तास, ते घेणाऱ्या थेरपिस्टची पदे आणि पहिल्या वर्षी किती रुग्णांना तो पूर्ण सराव मिळणार याची संख्या नसेल, तर समितीने तो प्रस्ताव अपूर्ण म्हणून परत पाठवावा.